दमणीपासून मॅटाडोरपर्यंत

नागपूरच्या मनीषनगरात आमच्या गल्लीच्या टोकाला, सिमेंटचा रस्ता संपून मोकळा प्लॉट लागतो तिथे, एक जुनी मॅटाडोर उभी आहे. शेजारच्या निवृत्त काकांनी ती भंगारात जाण्याच्या बेतात असताना घेतली. आत समोरासमोर दोन बाके आहेत. मधल्या खाचेत फळी सरकवली की त्यांचा पलंग होतो. मागच्या दाराशी शेगडीपुरता ओटा, त्याखाली पाण्याची टाकी, वर सनमायका लावलेले छोटे कपाट. एप्रिलमध्ये काकांनी रंग खरवडायला घेतला, तेव्हा पॉलिश पेपरखाली एकेक काळ उघडा पडू लागला. वरचा निळा गेल्यावर पिवळा निघाला आणि त्यावर शाळेच्या बसची काळी पट्टी. पिवळ्याखाली पांढरा, आणि पांढऱ्यावर लाल फुलीची फिकट कड. म्हणजे ही गाडी आधी रुग्णवाहिका होती, मग शाळेची बस झाली, आणि कुणीतरी तिचे घर केले ते सर्वांत शेवटी. त्या दिवसापासून मला तिच्या पूर्वजांचा नाद लागला. पत्र्यावरचे थर पॉलिश पेपरने निघतात. त्यामागच्या थरांसाठी मात्र आपल्याला बरेच मागे, बैलांच्या घुंगुरमाळांच्या आवाजापर्यंत जावे लागते.

विदर्भातल्या जुन्या घरांमध्ये गाड्यांचे प्रकार कामाप्रमाणे ठरलेले असत. धान्य आणि खत वाहायला बंडी, माणसांनी झपाट्याने जायला हलकी रेंगी, आणि बायकामुलांना घेऊन लांब जायचे तर वर छत असलेली दमणी. रामटेकच्या जत्रेला किंवा दूरच्या लग्नाला निघालेले कुटुंब दमणीत तणसाची बैठक घालून बसे, रात्री जू उतरवून गाडीच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडी आणि गाडीतच निजे. आपण ज्याला आज मोटरहोम म्हणतो त्याची सगळी लक्षणे इथे आहेत. फक्त मोटर नाही. दुरुस्तीची विद्याही इथेच तयार झालेली दिसते. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरून पाटे आणि त्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी चाकाची रचना. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते, धाव सैल होते आणि चाक खडखडू लागते. तात्पुरता उपाय म्हणजे चाके काढून रात्रभर ओढ्यात भिजत ठेवायची. कायमचा उपाय लोहाराकडे: धाव कापून लहान करायची, शेणाच्या गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी धरून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसताना लाकडाचा एकेक सांधा करकरत घट्ट होतो. ऊन सैल करणार आणि माणूस पुन्हा आवळणार, हे नागपूरच्या उन्हाशी माणसाने केलेले फार जुने गणित आहे, आणि ते आपल्याला शेवटपर्यंत भेटत राहणार आहे.

हा लोहार पुष्कळदा स्वतःच चाकांवर राहणारा असे. महाराष्ट्रातले घिसाडी गावोगाव पाल ठोकून विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ शेवटून देत आले. उत्तरेकडचे गाडिया लोहार तर आपले अख्खे घर गाडीत घेऊन हिंडत. १५६८ मध्ये चितोड पडले, तेव्हा गड परत मिळेपर्यंत घरात राहायचे नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असे त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या गाड्यांवर खाट उलटी बांधलेली असे, ती त्या शपथेची आठवण. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले. गड मिळाला, पण गाड्या पुष्कळांच्या सुटल्या नाहीत. पितळी खिळ्यांनी नटवलेली, कोरीवकामाची ती गाडी एकाच वेळी घर, दुकान आणि कार्यशाळा होती. चालत्या घराच्या वंशवेलीत इतका थेट पूर्वज मला दुसरा दिसला नाही, कारण या घरात राहणारा माणूसच ते दुरुस्त करणारा होता.

परदेशी गाडी आणून तिला देशी करण्याचा उद्योगही आपल्याकडे चारशे वर्षांचा आहे. १६१५ मध्ये सर टॉमस रो हा इंग्लंडचा वकील सुरतेला उतरला आणि खानदेशातून बुऱ्हाणपूरमार्गे अजमेरला जहांगीरकडे गेला. नजराण्यात एक इंग्रजी घोडागाडी होती. बादशहाच्या कारागिरांनी ती सुटी करून पाहिली, तिची हुबेहूब नक्कल बांधली, आणि मूळ गाडीचे मखमल बदलून, पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे खिळे मारून तिला नवा साज चढवला. १६१६ च्या नोव्हेंबरात छावणी अजमेरहून हलली तेव्हा बादशहा नकलेत बसला होता आणि नूरजहान नव्याने मढवलेल्या मूळ गाडीत. गाडी खोलणे, भाग ओळखणे, इथल्या मालाने ते पुन्हा घडवणे, ही पुढे पुण्याजवळ अकुर्डीला, मॅटाडोरच्या कारखान्यात, होणाऱ्या गोष्टीची पहिली रंगीत तालीम म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आता आपण आपल्याच रस्त्यावर येऊ. मनीषनगरातून रेल्वेचे रूळ ओलांडले की वर्धा रोड लागतो आणि तो बुटीबोरी, जाम करीत हिंगणघाटला पोचतो. तिथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली आणि पुढची वीस वर्षे त्याचे घर म्हणजे तंबू, गाड्या आणि अर्ध्या टनाच्या घरातले एक प्रचंड कोनमापक यंत्र. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना ते यंत्र दोर तुटून भिंतीवर आपटले आणि त्याचे वर्तुळ वाकडे झाले. दुसरे इंग्लंडहून मागवायचे तर दिवस नव्हे, वर्षे जाणार. लॅम्बटन त्रिचनापल्लीला गेला, स्वतःला तंबूत कोंडून घेतले, सपाट फळीवर योग्य मापाचे वर्तुळ आखले, आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या यांच्या ओढीने वाकलेला धातू केसाकेसाने त्या रेषेवर आणला. सहा आठवडे लागले. त्याच यंत्राने पुढे काम चालले. नागपुरात नवे ठाणे करायला येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो गेला. नकाशांच्या इतिहासात त्याचे नाव आहेच. पण रस्त्यावर बिघडलेली वस्तू रस्त्यावरच नीट करणाऱ्यांच्या यादीतही मी त्याला मानाने बसवतो.

केवळ हौसेसाठी चाकांवर राहण्याची कल्पना मात्र विलायतेतली आणि बरीच अलीकडची. १८८५ मध्ये आरमारातले निवृत्त डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. महोगनीची, सुमारे दोन टनांची, दोन घोड्यांची. त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन वाट मोकळी करी. आत एक मोठा कुत्रा आणि काकाकुवा. दक्षिण इंग्लंडहून ते स्कॉटलंडातल्या इन्व्हरनेसपर्यंत गेले आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. ती गाडी आजही जपून ठेवलेली आहे. १९०७ मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅन क्लब निघाला, १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने मागची बैठक उघडून पलंग होणारी मोटर ठेवली, त्यात चालकाशी बोलायला टेलिफोनही होता. हे सारे श्रीमंतांचे. आपल्या गल्लीतल्या मॅटाडोरची खरी कुळकथा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोडक्या जर्मनीत सुरू होते.

२३ एप्रिल १९४७ रोजी बेन पॉन या डच व्यापाऱ्याने आपल्या टिपणवहीत एका डब्यासारख्या गाडीचे रेखाचित्र काढले: चालक सर्वांत पुढे, इंजिन सर्वांत मागे, मधली जागा मोकळी. त्यातून १९५० च्या मार्चमध्ये फोक्सवॅगनची प्रसिद्ध व्हॅन बाहेर पडली आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवायची पलंग-कपाटांची पेटी विकायला काढली. जगभर घरगाडीचा इतिहास सांगताना लोक इथूनच सुरुवात करतात. पण त्याआधीच, १९४९ मध्ये, हॅम्बुर्गच्या हार्बुर्ग भागात विडाल आणि मुलगा या कारखान्याने त्याच फोक्सवॅगनचे इंजिन विकत घेऊन एक व्हॅन रस्त्यावर आणली होती. कारखान्याच्या गाड्यांचे नाव टेम्पो. या व्हॅनचे नाव मॅटाडोर. पुढची चाके ओढणारी, त्यामुळे मागची जमीन सखल आणि सपाट. स्वतःची व्हॅन आल्यावर फोक्सवॅगनने काही वर्षांत इंजिने देणे थांबवले, टेम्पोवाल्यांना दुसरी इंजिने शोधावी लागली, आणि जर्मनीत आज मॅटाडोरचे नाव जुन्या गाड्यांचे शौकीन सोडले तर फारसे कुणाला ठाऊक नाही.

आपल्याकडे मात्र ते नाव घरोघर गेले. नवलमल फिरोदिया यांनी विडालांशी सहकार्य करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली. आधी मुंबईत गोरेगावला तीनचाकी निघाली, मग कारखाना पुण्याजवळ अकुर्डीला गेला आणि १९७० च्या आगेमागे तिथून मॅटाडोर बाहेर पडू लागली. शाळेची मुले, रुग्ण, लग्नाचे वऱ्हाड, निवडणुकीचे कर्णे, दुधाचे कॅन, सारे तिने वाहिले. एका परक्या कारखान्याची दोन नावे मराठीत सामान्यनामे झाली: सामान वाहणारी कुठलीही छोटी गाडी म्हणजे टेम्पो, आणि माणसे कोंबून नेणारी कुठलीही व्हॅन म्हणजे मॅटाडोर. तिकडे हार्बुर्गचा कारखाना हॅनोमागकडून मर्सिडीजकडे गेला. त्या नात्यातून १९८० च्या दशकात मर्सिडीजचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन परवान्याने अकुर्डीला बनू लागले, आणि १९८७ मध्ये आली टेम्पो ट्रॅव्हलर. ही ट्रॅव्हलर म्हणजे मर्सिडीजची १९७७ सालची टी १ व्हॅन. जर्मनीत तिच्यावर शेकडो घरगाड्या बांधल्या गेल्या. १९९५ मध्ये तिथे तिचे उत्पादन बंद झाले. आपल्याकडे तिचा वंश सुरूच राहिला. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण बोलताना आपण अजून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च म्हणतो.

या वंशावळीचे एक अनपेक्षित फळ परदेशी पाहुण्यांना मिळाले. १९५७ च्या एप्रिलमध्ये ‘इंडियामन’ नावाची बस लंडनहून निघून जूनमध्ये कलकत्त्याला पोचली. नंतरची वीस वर्षे तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या वाटेने फोक्सवॅगन व्हॅन, जुन्या पोस्टाच्या गाड्या, रुग्णवाहिका यांचा ओघ भारताकडे लागला आणि त्यातला पुष्कळसा गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर विसावला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि ती वाट बुजली. जिद्दीचे लोक मात्र वाट बदलून येत राहिले. त्यांच्या जुन्या मर्सिडीज व्हॅनचे इंजिन वाटेत बसले, तर ज्या इंजिनाचे सुटे भाग त्यांच्या देशात दुर्मीळ होत चालले ते इथे तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात, खोक्यावर मराठी अक्षरांनी भाव लिहिलेले, मिळतात. पिस्टन-रिंगा, हेड गॅस्केट, हीटर प्लग, बॉश पंपाचे वॉशर. संगणक नाही, सेन्सर नाही. डिझेल आणि हवा मिळाली की चालणारे इंजिन. कुठलीही जुनी गाडी किती जगेल हे तिच्या पोलादापेक्षा तिचे भाग कुठे आणि कुणाच्या हाताला मिळतात यावर ठरते, असे मला या सगळ्या शोधातून ठामपणे वाटू लागले आहे.

महाराष्ट्रात चाकांवरचा संसार कुणी हौसेने केला नाही, तो धंद्याने करायला लावला. तमाशाचे फड ट्रकमधून फिरले. टूरिंग टॉकीजची मंडळी जत्रांच्या हंगामात पडदा, प्रोजेक्टर आणि अंथरुणे एकाच लॉरीत घेऊन गावोगाव राहिली. २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात त्या लॉऱ्यांची अखेरची वर्षे पाहायला मिळतात. हिंदी सिनेमात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पूनम ढिल्लों यांनी व्हॅनिटी व्हॅन रूढ केली. तेव्हाच्या शेजारच्या आंध्रात एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये १९४० च्या शेव्हरोले व्हॅनचा ‘चैतन्य रथम्’ करून त्यात राहून निवडणूक लढवली आणि जिंकली.

पण या काळातली एक गाडी मला सर्वांत जवळची वाटते, आणि ती पुन्हा आपल्या वर्धा रोडच्याच माणसाची. बाबा आमटे हिंगणघाटचे. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. अशा माणसाने २४ डिसेंबर १९८५ रोजी, वयाची ७१ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान सुरू केले. तरुण मुले-मुली सायकलींवर होती आणि बाबा गाडीत बसवलेल्या पलंगावर. १९८८ मध्ये त्यांनी दुसरी यात्रा इटानगरहून ओखापर्यंत नेली, आणि १९९० च्या अखेरीस नर्मदेच्या संघर्ष यात्रेतही ते असेच आडवे पडून गेले. बैठक काढून पलंग लावणे हा गॅरेजच्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचा फेरबदल. त्या फेरबदलाने एका माणसाला सगळा देश पुन्हा खुला झाला. घरगाडीचा याहून मोठा उपयोग मला तरी ठाऊक नाही.

२०२१ मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकदम झाल्या. महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आणि केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने, ज्याचे मंत्री नागपूरचेच, व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरबदल न झालेली खासगी गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी, नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. नियम मोटारींसाठी योग्यच आहे. पण जुन्या घरगाडीची यात पंचाईत होते. घर राहत्या माणसाबरोबर बदलते. रुग्णवाहिकेची बस होते, बसचे घर होते, घरात नवे कपाट येते. मूळ रूपात राहिलेली घरगाडी बहुधा कुणी न राहिलेली असते. अशा गाड्यांसाठी कायद्यात वेगळी जागा हवी, आणि तिच्यात फेरबदलांच्या नोंदीला किंमत हवी, असे मला मनापासून वाटते.

काकांच्या मॅटाडोरचे काम मार्चपासून चालू आहे. रेडिएटर आधी उतरवला; वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरल्याने नळ्यांत क्षाराची पुटे बसली होती. मग स्प्रिंगचे पाटे सोडवून गंजलेले बुश बदलले. इंजिनाने फार त्रास दिला नाही. त्रास दिला छपराने. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्याच्या जवळपास जाणारे उन्हाळे या गाडीने किती काढले असतील. अशा उन्हात काचेचे रबर कडक होऊन तडकते, छपराच्या जोडावरचे सीलंट पापडासारखे उचलते, आणि मृगाच्या पहिल्या सरीत पाणी आत शिरते. ते लगेच दिसत नाही. पत्रा आणि आतला प्लायवूड यांच्या मधे ते मुरते, दोन-तीन पावसाळे मुरत राहते, आणि एक दिवस कपाटाचा स्क्रू नुसत्या बोटाने बाहेर येतो. डेंटरने खिडकीखालची पट्टी काढून आत हात घातला आणि काळा पडलेला भुगा मूठभर बाहेर आणला. ‘‘पत्रा नाही गेला काकाजी,’’ तो म्हणाला, ‘‘पत्र्याच्या मांगचं लाकूड गेलं. लांबी भरून रंग मारला तं दिवाळीवरी फुगून येईन. कापाच लागते.’’

कापले. कुजलेला प्लाय निघाला, त्यामागचा गंजका पत्रा चांगला धातू लागेपर्यंत मागे कापला, नवा तुकडा ठोकून बसवला, वेल्ड केला, आतून लाल प्रायमर दिला. बाहेरून रंग झाकणार असला तरी आतला प्रायमर सोडायचा नाही, हे त्याने काकांना दोनदा सांगितले. मग गळती शोधायची रीत: एकाने आत बॅटरी घेऊन बसायचे, दुसऱ्याने नळी खालून वर न्यायची, हळूहळू, आधी दाराचा उंबरठा, मग खिडकीची खालची कड, वरची कड, शेवटी छपराचा जोड. वरून पाणी सोडले तर ते वाहत कुठूनही आत येते आणि गळती खरी कुठली ते कळत नाही. गेल्या रविवारी आत बसायची पाळी माझी होती. लाल फुलीची कड जिथे होती त्या बाजूला, मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, एक थेंब जमला. खडूने खूण केली.

रबर पुण्याहून यायचे आहे. ते बसले की पहिली फेरी फार लांब न्यायची नाही, असे काकांनी ठरवले आहे: सकाळी निघून वर्धा रोडने हिंगणघाट, लॅम्बटनच्या कबरीपाशी गाडी सावलीत लावायची, शेगडीवर चहा करायचा आणि संध्याकाळपर्यंत परत. काकू म्हणतात, पाऊस लागला तर तिथेच मुक्काम करू.